अर्ध्या तिकिटात तिघं

एसटीत एक बाई चढते. कडेवर अडीच वर्षांचं पोर, खांद्याला पिशवी, पोटात सहावा महिना. स्वारगेट ते सातारा. किती तिकिटं?

अर्धं. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीच्या सगळ्या गाड्यांत बायकांना निम्मं भाडं आहे. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीटच नाही. आणि पोटातला प्रवासी महामंडळाच्या हिशेबात अजून आलेलाच नाही. तिघं अर्ध्या तिकिटात साताऱ्याला, वर कंदी पेढ्यांना पैसे शिल्लक.

रेल्वेतही पाच वर्षांखालच्यासाठी वेगळी जागा मागितली नाही तर तिकीट पडत नाही, आणि गरोदर बाईसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो. मुंबईच्या लोकलमध्ये तिला दिव्यांगांच्या डब्यात चढता येतं. ही गोष्ट बऱ्याच जणींना सातवा महिना उलटला तरी कुणी सांगितलेली नसते. २०२२ च्या मे महिन्यात उत्तर रेल्वेनं लखनौ मेलमध्ये खालच्या बर्थला जोडून छोटासा ‘बेबी बर्थ’ लावून पाहिला होता. कल्पना झकास, पण ती तान्ह्यापुरती. अडीच वर्षांचं पोर झोपेत घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं. त्याच्यावर कुठल्या रेल्वेकडे इलाज असेल असं वाटत नाही.

पहिल्या खेपेला सगळं घर पोटाकडे बघत असतं. दुसऱ्या खेपेला पोटाकडे बघायला सवड कुणाला? थोरलं तेव्हा सोफ्याच्या पाठीवर उभं असतं. तर ही गंमतजंमत त्या दोघांची: एक आतला, एक बाहेरचा.

नऊ महिने नऊ दिवस

आजी ‘नऊ महिने नऊ दिवस’ म्हणते तेव्हा आपण मान डोलावतो आणि मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये तारीख बघतो. त्या अ‍ॅपच्या पोटात काय असतं? एकोणिसाव्या शतकात जर्मन डॉक्टर फ्रान्झ नेगेले यांच्या नावानं रूढ झालेला नियम. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस धरा, त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवा. झाले साधारण २८० दिवस. म्हणजे जर्मन डॉक्टर आणि आपली आजी यांच्यात फरक फक्त दोन दिवसांचा. (मोजायचं कुठून, हे मात्र आजी कधीच सांगत नाही.)

आणि एवढं करून बाळं ती तारीख पाळतात का? शंभरात चार-पाच. बाकीची आपल्या सवडीनं येतात.

तारखेची खरी अडचण थोरल्याची. अडीच वर्षांच्या माणसाकडे दोनच काळ असतात: ‘काल’ आणि ‘उद्या’. मागच्या उन्हाळ्यात पाहिलेला हत्तीही ‘काल’ आणि आत्ता खाल्लेलं केळंही ‘काल’. त्याला ‘चार महिन्यांनी बाळ येणार’ असं सांगणं म्हणजे भिंतीशी बोलणं. त्यापेक्षा सणाला बांधून सांगितलेलं बरं: ‘दिवाळी झाली ना, की बाळ येणार.’ हे समजतं. फक्त इतकं समजतं की भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते चपला घालून दारात उभं राहतं आणि डॉक्टरांची तारीख असते अजून तीन आठवड्यांनी.

आळंदीच्या घरातला पाळणा

निवृत्तिनाथ १२७३. ज्ञानेश्वर १२७५. सोपानदेव १२७७. मुक्ताबाई १२७९. रूढ मानली जाणारी ही जन्मसालं शाळेत आपण एकेक करून पाठ केली. आता एका ओळीत वाचा. दोन-दोन वर्षांचं अंतर! म्हणजे रुक्मिणीबाईंच्या घरात सलग सहा वर्षं एक तरी रांगतं किंवा धावतं मूल होतं आणि पुढच्याची चाहूल होती. वाळीत टाकलेलं घर, मदतीला शेजारीण नाही, आणि त्यात ही चार. ज्ञानेश्वरांवर एवढं लिहिलं गेलं, पण त्यांच्या आईनं ती सहा वर्षं कशी काढली असतील, हा विषय कीर्तनात फारसा येत नाही. यायला हवा.

आजचा सल्ला जरा ऐसपैस आहे. एका बाळंतपणानंतर पुढच्या गरोदरपणाआधी किमान २४ महिने जाऊ द्यावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे दोन भावंडांत सुमारे पावणेतीन वर्षांचं अंतर. थोरल्याला तोवर स्वतःची चड्डी स्वतः वर ओढता येते. ही सोय त्या सल्ल्यामागच्या कारणांत नाही, पण घरात तीच सगळ्यात आधी लक्षात येते.

आणखी एक आकडा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर निघाला १.७. सरासरीत दुसरं बाळ पुरतं येतच नाही; ०.७ वर थांबतं. ज्यांच्या घरात ते येऊन ठेपलं आहे त्यांना मात्र ते दीडपट वाटतं.

शरीराला सगळं आठवतं

दुसऱ्या खेपेला पोट लवकर दिसायला लागतं, कारण पोटाचे स्नायू एकदा ताणले गेलेले असतात. बाळाची हालचालही आधी कळते. पहिलटकरणीला ती साधारण १८ ते २० आठवड्यांत जाणवते, दुसऱ्या वेळी सोळाव्या आठवड्याच्या सुमाराला. बाळ लवकर हलत नाही, आईला ओळखता येतं. पहिल्या वेळी ज्यावर तिनं ‘गॅस झालाय’ म्हणून ओवा खाल्ला होता, ते आता तिला चटकन कळतं.

इंजेक्शनही एक वाचू शकतं. आधीच्या गरोदरपणात धनुर्वात-घटसर्पाचे दोन डोस झाले असतील आणि त्याला तीन वर्षं उलटली नसतील, तर आपल्याकडच्या लसीकरणात एका बूस्टरवर भागतं. जुनं कार्ड म्हणूनच जपून ठेवायचं असतं. ते थोरल्यानं खडूनं रंगवलेलं असलं तरी चालतं, तारखा वाचता आल्या म्हणजे झालं.

चपला? अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी गरोदर बायकांची पावलं आधी आणि बाळंतपणानंतर मोजली. बऱ्याच जणींची पावलं लांब झाली होती आणि तळव्याची कमान बसली होती, तीही कायमची. पण हा बदल मुख्यतः पहिल्या वेळचा. दुसऱ्या वेळी त्याच चपला चालतात. मिळाल्या तर. थोरलं त्या पायात घालून घरभर फटक-फटक करत असतं.

आता या सगळ्यातली मला सर्वांत भारी वाटणारी गोष्ट. गरोदरपणात बाळाच्या काही पेशी वार ओलांडून आईच्या रक्तात जातात. बाळंतपणानंतर त्या निघून जात असतील असं कुणालाही वाटेल. १९९६ मध्ये डायना बियांकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलगे झालेल्या आयांचं रक्त तपासलं. मुलगेच का, तर वाय गुणसूत्र बाईच्या रक्तात परकं म्हणून लगेच ओळखू येतं. एका आईच्या रक्तात त्या पेशी बाळंतपणानंतर २७ वर्षांनी सापडल्या! पोरगा तोवर नोकरीला लागला असेल, त्याच्या लग्नाची बोलणी चालू असतील, आणि आईच्या रक्तात तो अजून भाड्याशिवाय राहतोय.

म्हणजे धाकटं ज्या घरात वाढतंय तिथे थोरल्याचा मुक्काम अजून उठलेला नाही. आईच्या रक्तातून थोरल्याच्या पेशी धाकट्यापर्यंतही पोचू शकतात, असं संशोधक मानतात. ‘माझी जागा घेतली’ अशी तक्रार पुढे दोघांपैकी कुणीही केली, तर हे सांगायला हरकत नाही.

आतून काय ऐकू येतं?

चक्रव्यूहात शिरायचं कसं हे अभिमन्यूनं सुभद्रेच्या पोटात असताना ऐकलं, बाहेर कसं पडायचं ते ऐकायचं राहिलं. ही गोष्ट सांगणाऱ्यांना १९८६ मध्ये एक लांबचा पाहुणा भेटला. अँथनी डिकॅस्पर आणि मेलनी स्पेन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी काही गरोदर बायकांना शेवटचे दीड महिने दिवसातून दोनदा एकच गोष्ट मोठ्यानं वाचायला सांगितली. त्यांतल्या काही जणींच्या वाट्याला आलं होतं डॉक्टर स्यूस यांचं ‘द कॅट इन द हॅट’. बाळं जन्मल्यावर त्यांच्या तोंडात एक खास चोखणी दिली. ठरावीक लयीत चोखलं की ओळखीची गोष्ट, दुसऱ्या लयीत चोखलं की नवी. दोन-तीन दिवसांच्या त्या पिल्लांनी ओळखीची गोष्ट ऐकू यावी म्हणून चोखण्याची लय बदलली.

अभिमन्यू व्यूहरचना शिकला; ही पिल्लं लय शिकली. अर्थ कुणालाच कळत नाही, पण चाल कळते.

आता गंमत बघा. त्या बायकांना मुद्दाम वाचायला सांगावं लागलं. आपल्याकडे ज्या घरात अडीच वर्षांचं पोर आहे तिथे हा प्रयोग फुकटात चालू असतो. तेच पुस्तक, तोच ससा, तेच कासव, रोज रात्री, ‘पुन्ना वाच’ म्हणून दोनदा. एक शब्द गाळला तर थोरलं ओरडतं. आतल्याची उजळणी आपोआप होते.

टीव्हीचंही तेच. १९८८ मध्ये बेलफास्टच्या पीटर हेपर यांनी ‘नेबर्स’ ही ऑस्ट्रेलियन मालिका नेमानं बघणाऱ्या गरोदर बायकांची बाळं तपासली. मालिकेचं शीर्षकसंगीत लागलं की ती नवजात बाळं शांत होऊन कान देत. संध्याकाळी सातपासून सासूबाईंच्या मालिकांसमोर बसलेल्या तमाम सुनांनी हे वाचून घ्यावं. बारशाला पाळणा म्हणण्याऐवजी मालिकेचं गाणं लावलं तर बाळ जास्त खूश होण्याची शक्यता नाकारता येत नाही.

आणि रडणंसुद्धा आतूनच शिकून येतं. २००९ मध्ये कॅथलीन वेर्मके आणि सहकाऱ्यांनी ६० नवजात बाळांचं रडणं ध्वनिमुद्रित केलं, निम्मी फ्रेंच घरांतली, निम्मी जर्मन. फ्रेंच बाळांचा सूर चढत जायचा, जर्मन बाळांचा उतरत यायचा. त्यांच्या त्यांच्या भाषेत वाक्याचा सूर जसा जातो, तसा. मराठी बाळाचा सूर कोल्हापुरी की नागपुरी, हे शेजारी बरोबर सांगतील.

बाहेरच्याचा कारभार

बारा ते एकोणीस महिन्यांची मुलं मोकळी सोडली तर काय करतात, हे न्यूयॉर्कच्या कॅरन अ‍ॅडॉल्फ यांनी २०१२ मध्ये मोजलं. तासाभरात सरासरी २,३६८ पावलं, सुमारे ७०० मीटर अंतर, आणि १७ वेळा धप्पकन पडणं. दर तासाला सतरा! आपण असे पडलो असतो तर अस्थिरोगतज्ज्ञाकडे मुक्कामाला गेलो असतो. मूल उठतं, आजूबाजूला कुणी बघतंय का ते बघतं, त्यावर रडायचं की नाही ते ठरवतं, आणि चालू लागतं.

या वयासाठी आपल्याकडे पांगुळगाडा आहे. लाकडी, तीन चाकांचा, ढकलत न्यायचा. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी खेळण्यांच्या दुकानांत तो अजूनही मिळतो. मुलाला आत बसवून चाकांवर सोडणारे बेबी वॉकर कॅनडानं २००४ मध्ये बंदच करून टाकले, विकायचेही नाहीत. जिन्यावरून गडगडण्याचे प्रकार फार होत. पांगुळगाड्यात मूल आत अडकत नाही, मागे उभं राहून ढकलतं. भिंत आली की थांबतं. मग भिंत ढकलून बघतं.

प्रश्न तर विचारूच नका. मिशेल शुइनार यांनी चार मुलांच्या घरच्या बोलण्याच्या नोंदी चाळल्या. २२९ तासांच्या गप्पांत २४,७४१ प्रश्न, म्हणजे तासाला शंभरावर. त्यात आई गरोदर असेल तर विषयांची ददातच नाही. बाळ आत कसं गेलं? तू खाल्लंस? ते अंधारात घाबरत नाही? त्याला शू लागली तर? (शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: करतं. तिथेच. गर्भजल म्हणतात त्यात पुढे बराच वाटा त्याचाच असतो. हे थोरल्याला सांगावं की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं. सांगितलंत तर सोसायटीच्या लिफ्टमध्ये ते सगळ्यांना कळेल.)

बाळासाठी पाळणा आला की त्यात पहिल्यांदा कोण झोपतं, हे वेगळं सांगायला नको. पण या वयाची एक त्याहून अजब खोड आहे. २००४ मध्ये जूडी डिलोश आणि सहकाऱ्यांनी दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना आधी खरी घसरगुंडी, खरी खुर्ची, बसता येईल एवढी गाडी दिली. मग मुलं बाहेर गेल्यावर हुबेहूब तशीच पण तळहाताएवढी खेळणी ठेवली. मुलं परत आली आणि त्या टीचभर गाडीत पाय घालायला लागली. दार उघडलं, पाय आत, आणि पाय का जात नाही म्हणून गाडीवर चिडली! बुद्धी कमी नाही, डोळेही ठीक. वस्तू ओळखणारा मेंदू आणि तिचं माप घेणारा मेंदू यांचं अजून एकमेकांशी बोलणं झालेलं नसतं. बाहुलीच्या पाळण्यात पाय घालून बसलेलं पोर दिसलं तर हसा, पण समजा की ते आत्ता विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलेलं काम करतंय.

याच वयात ‘माझं’ सुरू होतं. आरशातलं पोर म्हणजे आपणच, हे साधारण दीड ते दोन वर्षांत कळतं; नाकावर गुपचूप लाल ठिपका लावला की मूल आरशाकडे न जाता स्वतःच्या नाकाला हात लावतं. ‘मी’ सापडला की ‘माझं’ मागोमाग येतंच. माझी आई, माझी वाटी, माझं पोट. (आईचं पोट. तेही माझं.) बरं, याला स्वार्थ म्हणावं तर त्याच वयाचा दुसरा प्रयोग आडवा येतो. चौदा आणि अठरा महिन्यांच्या मुलांसमोर बेटी रेपाचोली आणि अ‍ॅलिसन गोपनिक यांनी ब्रोकोली खाऊन ‘अहाहा’ केलं आणि बिस्किटं खाऊन तोंड वाकडं केलं. मग हात पुढे केला, ‘दे मला’. चौदा महिन्यांच्यांनी बिस्किट दिलं. त्यांना आवडतं ते सगळ्यांना आवडतं. अठरा महिन्यांच्यांनी ब्रोकोली दिली. ‘मला नाही आवडत, पण या बाईला आवडते, घे बापडे.’ चार महिन्यांत केवढी मजल! दुसऱ्याला वेगळं काही हवं असतं हे कळलेल्या माणसाला भावंडाबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

फक्त बक्षीस लावू नका. दोरीवर कपडे वाळत घालताना चिमटा पडला तर दीड वर्षांचं पोर न सांगता उचलून देतं, हे फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ मध्ये दाखवलं. दोन वर्षांनी त्यांनी मदतीबद्दल खेळणं देऊन पाहिलं. खेळणं मिळालेली मुलं पुढच्या वेळी कमी मदत करायला लागली. नऊ महिन्यांच्या पोटानं वाकता येत नसताना घरात चिमटे उचलणारं कुणीतरी फुकट आहे. त्याला चॉकलेटची सवय लावून आपलाच तोटा.

भाऊ की बहीण?

देशात सोनोग्राफी करणाऱ्या प्रत्येक ठिकाणी पाटी असते: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. केंद्राचा कायदा १९९४ चा, पण महाराष्ट्रानं त्याच्याही आधी, १९८८ मध्ये, स्वतःचा कायदा केला होता. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य.

तरी घराघरात एक विनापरवाना केंद्र चालूच असतं. शेजारच्या काकू येतात, थोरल्याला मांडीवर घेतात आणि विचारतात, ‘सांग बरं, आईच्या पोटात कोण आहे? भाऊ की बहीण?’ लहान मुलाच्या तोंडून निघेल ते खरं, असा समज. उत्तर मिळतं: ‘कुत्रा.’ कधी ‘जेसीबी’. काकू हिरमुसतात. मला विचाराल तर हा प्रश्न विचारायचा तो अशाच उत्तरासाठी विचारावा, खऱ्यासाठी नव्हे.

डोहाळेजेवणातला वाट्यांचा खेळही त्याच जातीचा. झाकलेल्या वाटीखाली पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. फुलांची वाडी, हिरवी साडी, झोपाळा, नाहीतर चांदण्यातलं किंवा नावेतलं डोहाळेजेवण हे सगळं बहुतेक घरांत पहिल्या खेपेचं कौतुक. दुसऱ्या वेळी झालंच तर घरातल्या घरात, आणि वाटी उचलायच्या आधी थोरल्यानं दोन्ही वाट्यांखालचं खाऊन टाकलेलं असतं. निकाल राखून ठेवला जातो. कायद्याच्या दृष्टीनं ते उत्तमच.

ताटात काय

एका घरात दोन लहरी खवय्ये. एकीला आज फक्त चिंचेचं सार हवं आणि फोडणीच्या वासानं मळमळतं. दुसऱ्याला तूप-मीठ-वरण-भात, तोही पांढरा. कोथिंबिरीचं एक पान दिसलं तर जेवण बंद. नवं अन्न नाकारण्याची ही खोड दोन ते सहा वर्षांत जोरात असते. एखादी भाजी मुलानं स्वीकारावी तर ती आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा समोर यावी लागते. बहुतेक घरं तिसऱ्या वेळीच ‘याला भेंडी आवडत नाही’ असा शिक्का मारून मोकळी होतात.

धाकट्याबाबत मात्र आधीच हात मारता येतो. आई जे खाते त्याची चव गर्भजलात उतरते. फिलाडेल्फियात जूली मेनेला यांनी २००१ मध्ये गरोदर बायकांना शेवटच्या तिमाहीत गाजराचा रस प्यायला दिला. त्यांच्या बाळांनी पुढे गाजराच्या चवीचं अन्न इतरांपेक्षा कमी नाकं मुरडून खाल्लं. २०२२ मध्ये इंग्लंडच्या डरॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी तर पोटातल्या बाळाचे चेहरेच टिपले. आईनं गाजराच्या पुडीची गोळी घेतली की बाळ हसल्यासारखं दिसे. केल नावाच्या कडसर पालेभाजीची घेतली की रडवेलं. यावरून मेथीचं काय होत असेल ते ओळखा. मेथी खाणाऱ्या आयांनी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या हे चेहरे पाहिले नाहीत म्हणून बरं.

बाळंतपणानंतर अळीव आणि डिंकाचे लाडू. अळिवात लोह भरपूर, त्यामुळे या बाबतीत आजी आणि डॉक्टर एका पंगतीला बसतात. बाळगुटीवर उठतात. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, असं डॉक्टर म्हणतात, आणि इथे मी डॉक्टरांच्या बाजूनं. आजीची सहाण तोवर थोरल्याला चंदन उगाळायला द्यावी. तो लाडूही खातोच, बाळंत न होता.

आणि बाबा

फिलिपिन्समधल्या सेबूत ६२४ तरुणांचा अनेक वर्षं पाठपुरावा झाला. बाप झाल्यावर त्यांचं टेस्टोस्टेरॉन घटलं, आणि जे दिवसाला तीन किंवा जास्त तास मुलांचं करत होते त्यांचं इतर बापांपेक्षा कमी निघालं. २०११ चा हा निष्कर्ष. म्हणजे ढुंगण धुतल्यानं पुरुषात बदल होतो ही भीती खरी आहे. बदल चांगला आहे एवढंच.

केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला १५ दिवसांची रजा मिळते, पण हयात मुलं दोनपेक्षा कमी असतील तरच. दुसऱ्या बाळाला मिळते, तिसऱ्याला नाही. आईची रजा २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे, पुढे १२. पूर्वी पहिलं बाळंतपण माहेरी आणि दुसरं सासरी असा रिवाज होता. आता दुसरं जिथे थोरल्याची प्लेग्रुपची फी भरली आहे तिथे.

पाहुणा आला

थोरल्याची पहिली निराशा: ‘हे बाळ खेळतच नाही.’ बरोबर आहे. त्याला वीस-तीस सेंटिमीटरपलीकडचं धड दिसत नाही, म्हणजे पदराखालून आईचा चेहरा, तेवढंच. रडतं, पण डोळ्यांत पाणी नाही. खरे अश्रू यायला काही आठवडे लागतात. गुडघ्याची वाटी अजून हाडाची नाही, कुर्चेची. ती दोन ते सहा वर्षांत हाडाची होते, म्हणजे थोरल्याच्याही गुडघ्यात काम चालू आहे. तासाला सतरा वेळा आपटूनही गुडघ्याच्या वाट्या शाबूत कशा राहतात, त्यामागे हे एक कारण असावं.

इथे घराची एक मोठी चूक होते. कालपर्यंत कडेवर असलेलं पोर रातोरात ‘आता तू मोठा झालास’ असं ऐकतं. झाला नाही. अडीच वर्षांचाच आहे. केंब्रिजमध्ये जूडी डन आणि कॅरल केंड्रिक यांनी ४० घरांत दुसरं बाळ येण्याआधी आणि नंतर जाऊन बसून पाहिलं. ज्या आया पहिल्या आठवड्यांत थोरल्याशी बाळाबद्दल माणूस म्हणून बोलल्या, ‘बघ बरं, भूक लागली असेल का त्याला? काय करू या?’ असं विचारत राहिल्या, त्या घरांत वर्षभरानं भावंडांचं जास्त जमत होतं. ‘मोठा’ म्हणण्यापेक्षा सल्ला विचारलेला बरा. सल्ला बहुधा ‘त्याला परत ठेवून ये’ असा मिळतो. तोही ऐकून घ्यायचा.

थोरला जबाबदार, मधलं दुर्लक्षित, शेंडेफळ लाडावलेलं या गप्पा पुढे आयुष्यभर चालतील. अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या वीस हजारांवर लोकांची माहिती २०१५ मध्ये तपासली गेली, तेव्हा जन्मक्रमाचा स्वभावावर टिकाऊ असा काही परिणाम सापडला नाही. लग्नाच्या पंगतीत हे कुणी ऐकणार नाही, ते सोडा.

बाराव्या दिवशी बारसं. आत्या बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगते आणि बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. थोरल्याला या सगळ्या समारंभात आवडणारा भाग हा एकच. कुणीतरी मोठं माणूस मार खातंय आणि सगळे हसतायत! घुगऱ्या वाटून झाल्या तरी ते आत्याच्या मागे फिरतं: ‘पुन्ना.’

मग हिशेब सुरू होतो झोपेचा. तान्ह्याला दिवसाला १४ ते १७ तास, थोरल्याला ११ ते १४. बेरीज केली तर दोघं मिळून पंचवीस तासांच्या वर झोपतात. तरी घरात कुणी झोपलेलं दिसत नाही. हे आजीला सांगितलं तर ती निवडत असलेल्या मटकीतून मानही वर न करता म्हणते, ‘आम्ही कुठे मोजत होतो?’